वीस मिनिटांची वाट

(कोंढा येथील भगिनी मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण. त्यांच्या बोलीतले काही शब्द आम्ही तसेच ठेवले आहेत. – संपादक)



पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही विमानातून हिमालय पाहिला, त्याचंच सांगा." मी म्हटले, सांगते, पण डोंगराचे सांगू लागले की त्यात माझ्या एका लाजेची गोष्ट येते. ती वगळून मला सांगता येणार नाही. तेव्हा तीही ऐकून घ्या.

आपल्या भंडारा-गोंदियाच्या लोकांना लहान विमान काही नवीन नाही. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. त्या बाजूला पाहुणे म्हणून गेलो की एखादे इवलेसे विमान घरघर करीत डोक्यावरून जाते आणि शेतात रोवणी करणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून वर पाहतात. मीही तशीच पाहत आले. आत बसायचे काम पडेल असे कधी वाटले नव्हते.

2019 च्या नोव्हेंबरात ते पडले. माझी भाची नेपाळात पोखऱ्याला एका रुग्णालयात परिचारिका आहे. चार वर्षे तिचे एकच पालुपद होते, "मावशी, एकदा या." धान कापून झाले आणि आमचे हे तयार झाले. नागपूरहून गोरखपूरची गाडी, तिथून सोनौलीची सीमा, आणि पुढे डोंगरातली बस. त्या बसमध्ये माझे जे हाल झाले ते जेवणाच्या आधी सांगण्यासारखे नाहीत. पोखऱ्याला पोचल्यावर मी भाचीला म्हटले, "आता मला कुठंच नेऊ नको." ती हसली. तिने आमची जोमसोमची विमानाची तिकिटे काढून ठेवली होती.

जोमसोम म्हणजे डोंगरापलीकडचे गाव, मुस्तांग जिल्ह्याचे ठिकाण. आपल्याकडचे पुष्कळ हिंदू यात्रेकरू तिथून पुढे मुक्तिनाथाला जातात. देवघरातला शाळिग्राम त्याच भागातल्या काळी गंडकी नदीत सापडतो. विमान पोखऱ्याहून वीस-पंचवीस मिनिटांत पोचवते. पण ते पहाटेपासून साधारण अकरापर्यंतच उडते. का, ते पुढे सांगते.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला आम्ही विमानतळावर हजर. आकाश असे स्वच्छ की आपल्याकडे दिवाळीच्या सकाळी असते. समोर माच्छापुच्छ्रे शिखर, माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले, उन्हात लखलखत होते. सात वाजले, आठ वाजले, नऊ झाले. साडेनऊला खिडकीवरची मुलगी म्हणाली, "जोमसोममा हावा छ. आज उडान छैन. भोलि." म्हणजे तिकडे वारा आहे, आज नाही, उद्या.

आमच्यासोबत पुण्याकडचे दहा-बारा यात्रेकरू होते. ते खिडकीवर तुटून पडले. इथे पान हलत नाही आणि वारा कसला? मीसुद्धा बोलले. चौतीस वर्षे वॉर्डात आवाज चढवायची सवय आहे, मागे हटते की काय! त्या पोरीने सगळे ऐकून घेतले आणि प्रत्येकाला एकच उत्तर दिले, भोलि. आमचे हे बाकावर शांत बसले होते. म्हणाले, "तिले काहून बोलता? वारा काय तिनं सोडला?"

त्या मुलीची आठवण मला अडीच वर्षांनी झाली. 29 मे 2022 ला दूरदर्शनवर बातमी होती: पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले विमान बेपत्ता. आत बावीस माणसे. त्यांत आपल्या ठाण्याचे एकाच कुटुंबातले चौघे होते, आईवडील आणि दोन मुले. दुसऱ्या दिवशी डोंगरात, चौदा हजार फुटांवर, तुकडे सापडले. कोणी वाचले नाही. ढगांत शिरल्यावर विमानाची वाट चुकली, असे पुढे चौकशीत निघाले. याच वाटेवर 2016 साली तेवीस जण गेले होते आणि 2012 साली जोमसोमजवळ एकवीसपैकी पंधरा. तेव्हा "भोलि" म्हणणाऱ्या पोरीवर मी ओरडले होते. आणि हे फक्त परदेशातले नाही. मार्च 2023 मध्ये बिरसीहून उडालेले शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात पडले. शिकवणारा आणि शिकणारी मुलगी दोघेही गेले. बालाघाटचे डोंगर ते केवढे! पण विमान लहान असले की डोंगर लहान उरत नाही.

असो. दुसऱ्या दिवशी वारा नव्हता.

विमान एकोणीस जणांचे. आपल्या काळीपिवळीची रांग लांबवली आणि वर पंख लावले, की झाले. एका बाजूला एकेक खुर्ची, दुसऱ्या बाजूला दोन-दोन. आधी आम्हांला सामानासकट काट्यावर उभे केले. धानाची पोती मोजतात तसे. यांना त्यात फार मजा वाटली. आत शिरताना पाठ वाकवावी लागते. एका मुलीने ताटलीतून गोळ्या आणि कापसाचे बोळे फिरवले. गोळी तोंडात, कापूस कानात. पुढे दोन वैमानिक बसलेले, मध्ये दार नाही. त्यांच्या खांद्यावरून समोरची काच आणि काचेतून डोंगर दिसत होता. मी माझ्या जागेवरून वैमानिकाचे हात पाहत होते. आम्हा परिचारिकांना ती खोडच असते. डॉक्टरांचे हात स्थिर आहेत ना, ते आधी पाहायचे. त्याचे होते.

खाली पोखऱ्याचा तलाव गेला, मग पायऱ्यापायऱ्यांची शेते. गुरुंग आणि मगर लोकांची गावे, दगडी छपरांची, उतारावर चिकटलेली. उजवीकडे अन्नपूर्णेची सगळी रांग उघडली. मला वाटत होते, विमानातून डोंगर खाली दिसतात. इथे तसे नव्हते. डोंगर आमच्या बाजूला होते, आणि आमच्यापेक्षा पुष्कळ उंच. घोरेपाणीच्या खिंडीवरून जाताना झाडे एवढी जवळ आली की फांद्या मोजाव्यात. तिथे एका घराच्या अंगणात एक बाई काहीतरी वाळत घालत होती. तिने वर पाहिलेच नाही. तिच्यासाठी ती सकाळची एसटी होती.

मग विमान उजवीकडे कलले आणि आम्ही नदीच्या दरीत शिरलो. डावीकडे धवलगिरी, 8167 मीटर. उजवीकडे अन्नपूर्णा, 8091 मीटर. दोघांत अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. आणि त्या दोघांच्या मधून, खाली अडीच हजार मीटरांवर, राखाडी दोऱ्यासारखी काळी गंडकी. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. एकावर एक पाच कळसूबाई ठेवा, तेव्हा धवलगिरी होतो. भूगोलाचे जाणकार सांगतात की नदी आधीची आणि डोंगर नंतरचे. डोंगर उठत गेला, नदी कापत गेली. समुद्रातल्या प्राण्यांची दगड झालेली कवचे तिच्या वाळूत मिळतात, तेच शाळिग्राम.

बर्फ मी चित्रात पांढरे पाहिले होते. ते पांढरे नसते. सावलीत निळे असते, कडेला उन्हात पिवळसर, आणि जिथून वारा ते उडवतो तिथे धुरासारखे. धवलगिरीच्या डोक्यावरून असा धूर निघत होता. आमच्या विमानात मात्र पान हलत नव्हते. पुण्याच्या एक आजी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मीही डोळे मिटले. त्यांची प्रार्थना वेगळी, माझी वेगळी. पण त्या अकरा हजार फुटांवर दोघींच्या मनात मला वाटते एकच होते. डोळे उघडले तेव्हा यांनी माझा हात धरला होता. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यांनी पहिल्यांदा माझा हात धरला.

आता वाऱ्याचे सांगते. दरीच्या उत्तरेला मुस्तांगचे उघडे, कोरडे पठार आहे. झाड नाही, पाऊस नाही. सूर्य वर आला की ते तापते. तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेची थंड हवा धावते. धावायला वाट एकच, ही दोन पर्वतांमधली चिरी. चूल पेटली की धुराड्यात हवा ओढली जाते ना, तसे. दुपारी जोमसोमच्या रस्त्यावर माणूस वाऱ्याला रेलून चालतो, हे मी डोळ्यांनी पाहिले. म्हणून विमाने सकाळीच. आणि पोखऱ्यात पान हलत नसताना जोमसोमला वारा असतो, तोही म्हणूनच. ती मुलगी खोटे बोलत नव्हती.

जोमसोमला खाली उतरलो तेव्हा माणसांच्या आधी विमानातून काय काढले, सांगू? औषधांची खोकी. मग भाज्यांची पोती, मग वर्तमानपत्रांचा गठ्ठा, मग आम्ही. तिथे भात पिकत नाही. जव, फापर, बटाटे आणि सफरचंद. आपण ज्याला विमानातून सृष्टिसौंदर्य पाहणे म्हणतो, ती त्या लोकांची किराणा मालाची गाडी आहे. आपण त्यात उरलेल्या जागेवर बसतो.

परत आल्यावर मी या विमानांविषयी मिळेल ते वाचले. 1960 साली स्विस गिर्यारोहकांनी याच धवलगिरीवर चढाई केली. त्यांनी 'यती' नावाचे एक लहान पिलाटस विमान आणले होते. पायांना बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या लावून ते 5700 मीटरांपेक्षा उंच उतरवले. तो विक्रम झाला, पण 5 मे रोजी ते विमान खिंडीत कोसळले आणि दोघे वैमानिक पायी खाली आले. त्यांतला एक, एमिल विक, पुढे कितीतरी वर्षे नेपाळातच लहान विमाने उडवत राहिला.

दुसरे नाव तुम्हा सर्वांच्या ओळखीचे आहे. एव्हरेस्ट चढलेले एडमंड हिलरी. त्यांनी शेर्पा लोकांना विचारले, तुमच्यासाठी काय करू? शाळा मागितली, ती 1961 ला खुमजुंगला झाली. मग रुग्णालयासाठी सामान वर न्यायचे म्हणून 1964 ला लुकला येथे धावपट्टी केली. चांगली सपाट शेतजमीन शेतकऱ्यांनी दिली नाही. बरोबरच आहे, कोण देईल? तेव्हा उतारावरची जागा मिळाली. माती दबावी म्हणून शेर्पांना त्यावर फेर धरून नाचायला लावले. दोन वर्षांनी खुंडे गावात रुग्णालय उभे राहिले. 1975 च्या मार्चमध्ये हिलरी फाफलू येथे दुसरे रुग्णालय बांधत होते. त्यांची पत्नी लुईस आणि सोळा वर्षांची मुलगी बेलिंडा त्यांना भेटायला काठमांडूहून अशाच एका लहान विमानाने निघाल्या. उडाल्यावर लगेच विमान पडले. दोघीही गेल्या. हिलरी मोडून गेले होते. तरी फाफलूचे ते रुग्णालय पूर्ण झाले.

आता माझी गोष्ट.

जोमसोमला आम्ही दोन दिवस राहिलो. मारफा नावाचे दगडी गल्ल्यांचे सुंदर गाव पाहिले, थकाली बायांच्या हातचे जेवलो. तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचे होते. विमानतळाची खोली म्हणजे आपल्या बसस्थानकाएवढी. आम्ही पंधरा-सोळा जण बाकांवर होतो. साडेनऊ होऊन गेले होते. बाहेरचा कापडी वारादर्शक थरथरू लागला होता. हेच शेवटचे विमान, हे सगळ्यांना कळत होते.

तेवढ्यात दोन माणसांनी एका तरुण बाईला डोक्यात नामलो अडकवून, पाठीवरच्या डोक्यात बसवून आणले. डोको म्हणजे त्यांच्याकडची मोठी टोपली. नामलो तिचा कपाळावर घ्यायचा पट्टा. मागून तिचा नवरा, पंचविशीचा पोरगा. विमान कंपनीचा माणूस आमच्यापुढे येऊन हिंदीत म्हणाला, हिला पोखऱ्याला न्यायला हवे. विमान भरले आहे. उंचावर हवा विरळ असते, धावपट्टी आखूड आहे, एवढेच वजन उचलले जाते. दोघे जण थांबाल का? उद्याचे विमान भरलेले आहे, परवाचे बघू.

मी तिच्याकडे पाहिले. ओठ पांढरे, कपाळावर घाम, पोटावर हात. माझ्या लक्षात यायला अर्धा मिनिट लागला नाही. आत रक्तस्राव चालू होता. अशा बाया मी गडचिरोलीत पाहिल्या आहेत. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, आणि अलीकडे खाटेवर आणलेली बाई पलीकडे पोचत नाही. त्या बायांची नावे मला अजून पाठ आहेत. म्हणजे त्या खोलीत, ही बाई संध्याकाळ पाहणार नाही, हे नक्की ठाऊक असलेली एकटी मीच होते.

आणि मी खिडकीबाहेर पाहिले.

हो. खिडकीबाहेर नीलगिरी होता, सात हजार मीटरचा, फार सुंदर. मी त्याच्याकडे पाहत राहिले. मनात काय होते? गोरखपूरच्या गाडीचे आरक्षण होते. ती बस होती. माझे गुडघे होते. कोणीतरी तरुण उठेल, असे होते. सगळेच आपापल्या बुटांकडे पाहत होते; मी डोंगराकडे, एवढाच फरक.

यांना हिंदी बेताचीच येते. त्यांनी मला विचारले, "काय म्हणून राहिला तो?" मी सांगितले. सांगताना मी आवाज खाली ठेवला, हेही सांगून टाकते. ते ऐकताच उठले. पिशवी उचलली आणि म्हणाले, "चाल. आपण जीपनं जाऊ. आपल्याले कोणती घाई आहे?"

मी उठले. त्यानंतर मात्र माझी परिचारिका जागी झाली. तिला विमानात आडवे कसे ठेवायचे, पाय कसे उंच करायचे, ते नवऱ्याला दाखवले. पोखऱ्याला भाचीला फोन लावला आणि रुग्णवाहिका धावपट्टीजवळ उभी करायला सांगितले. रक्ताची सोय करा म्हटले. पुण्याच्या आजींनी आपली शाल काढून तिच्या अंगावर टाकली. विमान धावले, नदीकडे झेपावले आणि वळणाआड गेले. दहा वाजायला थोडा वेळ होता. साडेदहाला तर वाळू उडायला लागली.

आम्ही जीपने निघालो. घासा, रुप्सेचा धबधबा, तातोपाणी, बेनी. ज्या दरीवरून आम्ही वीस मिनिटांत आलो होतो, तिच्या तळातून परत जायला अकरा तास लागले. तो रस्ताही होऊन तेव्हा दहा-अकरा वर्षेच झाली होती. त्याआधी लोक आठवडाभर चालत असत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये चिखल. दोनदा सगळ्यांना उतरून ढकलावे लागले. मी दर वळणावर तिचाच विचार करीत होते. या वाटेने तिला आणले असते तर ती कोणत्या गावी गेली असती? घासा? की त्याच्या आधीच? माझ्या हिशेबाने तातोपाणी आलेच नसते.

खालून शिखरे दिसत नव्हती. दरी इतकी खोल की वर फक्त आकाशाची एक पट्टी. सकाळच्या विमानातल्या लोकांना आपण दिसत असू का, असे यांनी विचारले. मी म्हटले, "नाही दिसत. वर असताना मला तरी कोण दिसलं होतं?" मग ते घोरेपाणीच्या अंगणातल्या बाईचे सांगू लागले. त्यांना ती दिसली होती, मलाही. पण तिच्या दोरीवर लहान मुलाचे कपडे होते, हे त्यांनी पाहिले होते.

रात्री नऊ वाजता पोखऱ्याला पोचलो. भाची दारातच उभी होती. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली होती. दुपारी बाराला शस्त्रक्रिया झाली. रक्त तीन बाटल्या लागले, त्यातली एक विमानातल्या पुण्याच्या एका मुलाने दिली. बाई शुद्धीवर होती.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी आम्ही तिला पाहायला गेलो. ती झोपली होती. नवऱ्याने आमच्या पायांना हात लावला; मी मागे सरले. यांनी त्याला उठवून खांद्यावर थोपटले आणि "शेती किती आहे?" असे विचारले. दोघांनी मोडक्यातोडक्या हिंदीत अर्धा तास जवाच्या आणि धानाच्या गोष्टी केल्या. आमची गाडी थोडक्यात मिळाली.

पुढच्या वर्षी टाळेबंदी लागली. सगळे शांत झाल्यावर भाची सुट्टीवर आली तेव्हा तिच्या सामानात एक पिशवी होती, मारफाच्या वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडींची. त्या पोराने जोमसोमहून विमानाने पाठवली होती. दोन किलो तरी असतील. यांनी त्या रविवारी उपासनेनंतर मंडळीत वाटून टाकल्या. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी खाल्ल्या आहेत, काही जण म्हणाले होते, "सिस्टर, जरा चिवट आहेत." त्या फोडी त्याच विमानाने आल्या होत्या.